जखमेचे घरगुती इंग्रजी

सोलापूरच्या एका रुग्णालयातील शस्त्रक्रिया विभागात नऊ वर्षे ड्रेसिंगची ट्रॉली ढकलल्यानंतर, जखमेविषयीचे इंग्रजी मला येत नाही असे कोणी म्हटले असते, तर मी ते हसण्यावारी नेले असते. लॅसरेशन, ॲब्रेजन, इरिथिमा, एक्झुडेट, डिब्राइडमेंट हे शब्द मी रोज रुग्णाच्या कागदांवर लिहीत होते, डॉक्टरांच्या फेरीत बोलत होते आणि नव्या मुलींना शिकवतही होते. दहावीपर्यंतचे शिक्षण मराठी माध्यमातले असले, तरी जीएनएम या परिचर्येच्या पदविकेच्या अभ्यासात ही सगळी शब्दावली पाठ झाली होती. म्हणून इंग्लंडला परिचारिका म्हणून जाण्यासाठी ओईटी ही इंग्रजीची परीक्षा द्यायचे ठरवले, तेव्हा मला धास्ती होती ती पत्रलेखनाची. पंचेचाळीस मिनिटांत रुग्णाची टिपणे वाचून १८० ते २०० शब्दांचे पत्र लिहायचे असते, आणि माझा हात लिहिण्यात संथ. बोलण्याच्या भागाकडे मी फारसे लक्षच दिले नाही, कारण रुग्णाशी बोलणे हा तर माझा रोजचा उद्योग होता.

२०२२ मध्ये पहिल्या प्रयत्नात लेखनात मी निभावले आणि बोलण्यात अडकले. ब्रिटनच्या परिचर्या परिषदेला बोलण्यात ५०० पैकी ३५० गुण लागतात, लेखनात मात्र ३०० चालतात. मला बोलण्यात ३१० मिळाले होते.

त्या भागात दोन प्रसंग दिले जातात. हातात एक कार्ड येते, ते वाचायला तीन मिनिटे मिळतात आणि मग रुग्णाची भूमिका करणाऱ्या व्यक्तीशी सुमारे पाच मिनिटे बोलायचे असते. माझ्या पहिल्या प्रसंगातला रुग्ण पायाच्या जखमेमुळे काळजीत पडलेला होता. मी आत्मविश्वासाने सांगितले की, तुमच्या लॅसरेशनभोवती इरिथिमा आहे आणि प्युरुलंट एक्झुडेट दिसत आहे (चिरलेल्या जागेभोवती लाली आहे आणि पू दिसतो आहे). समोरच्या बाईंनी भूमिकेत राहूनच, म्हणजे काय, असे विचारले. तेव्हा मी तेच वाक्य पुन्हा एकदा, जरा मोठ्याने आणि सावकाश उच्चारले. समोरच्याला भाषा कळत नसली की आवाज चढवायचा, ही आपल्या सगळ्यांचीच खोड आहे. गंमत इतकीच की इथे समोरच्या बाईंची ती मातृभाषा होती आणि न कळणारे इंग्रजी माझे होते. त्या परीक्षेत व्याकरणाबरोबरच, रुग्णाला काय वाटते आहे हे तुम्ही जाणून घेतले का आणि त्याला कळेल असे सांगितले का, यालाही गुण असतात. ते मला माहीत होते, पण त्याचा माझ्या लॅसरेशनशी काही संबंध असेल असे वाटले नव्हते.

नंतर शांतपणे विचार केल्यावर खोच ध्यानात आली. वॉर्डात माझ्याजवळ दोन भाषा होत्या. डॉक्टरांशी आणि कागदाशी पुस्तकी इंग्रजी, आणि रुग्णाशी मराठी. सोलापूर असल्यामुळे त्यात थोडी कानडी आणि थोडी तेलुगूही. रुग्णाला मी कधी इरिथिमा म्हटले नव्हते. 'कडेनं लाल झालंय, दोन दिवस पाय खाली सोडू नका,' असेच म्हणत आले होते. हे वाक्य इंग्रजीत कोण, कोणत्या शब्दांत म्हणते, ते मी आयुष्यात ऐकलेच नव्हते. भारतात ते ऐकण्याचा प्रसंगही येत नाही, कारण इथे ज्याला इंग्रजी येते तो रुग्णदेखील ठणका लागला की मराठीवर येतो.

दुसऱ्या प्रयत्नासाठी मी पुण्यात एका शिकवणीला जाऊ लागले. शिकवणाऱ्या मॅडम मूळच्या केरळच्या आणि स्वतः बारा वर्षे परिचारिका म्हणून काम केलेल्या होत्या. त्यांनी मला शब्दांची छापील यादी दिली नाही. तुझे रुग्ण तुझ्या भाषेत जखमेबद्दल काय काय बोलतात ते आधी लिहून आण, असे त्यांनी सांगितले. मी लाल पुठ्ठ्याची वही घेतली आणि पानावर तीन रकाने आखले: पहिल्यात रुग्णाचा मराठी शब्द, मधल्यात पुस्तकातला इंग्रजी शब्द आणि तिसऱ्यात इंग्लंडमधली आजीबाई जो वापरेल तो. त्या वेळी मी अजून नोकरीतच होते, त्यामुळे पहिला रकाना एका आठवड्यातच भरून वाहू लागला. खरचटणे, कापणे, चिरणे, खोक पडणे, ठेच लागणे, मुका मार, काळेनिळे होणे, फोड, गळू, खपली, लस, पू, वण. मधला रकानाही बहुतेक भरला. तिसरा मात्र कोराच होता.

तो भरण्यासाठी मला सर्वात उपयोगी पडले ते ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेचे सामान्य लोकांसाठीचे संकेतस्थळ. तिथली माहिती मुद्दाम साध्या भाषेत लिहिलेली असते. खरचटण्याला तिथे ॲब्रेजन म्हणत नाहीत, ग्रेझ म्हणतात. मुक्या माराला कंट्यूजन न म्हणता ब्रूझ म्हणतात. सूचरला स्टिच, आणि प्युरुलंट एक्झुडेटला सरळ पस. इतक्या वर्षांत मी पू हा शब्द मराठीत दिवसातून वीस वेळा उच्चारला असेन, पण इंग्रजीत पस म्हणणे मला अशिक्षितपणाचे वाटायचे. हा संकोच जायला शब्द पाठ करण्यापेक्षा जास्त दिवस लागले.

सर्वात जास्त वेळ वेदनेच्या शब्दांनी घेतला. मराठीत दुखण्याचे किती प्रकार आहेत हे मला ते इंग्रजीत शोधायला बसल्यावर कळले. गळू पिकायला आले की ते ठणकते, त्याला थ्रॉब. आयोडीन लावले की झोंबते. त्याला स्टिंग किंवा स्मार्ट. स्मार्ट म्हणजे हुशार एवढेच ठाऊक असलेल्या मला, माझे बोट स्मार्ट करते आहे, हे वाक्य पहिल्यांदा वाचताना छापण्यातली चूक वाटली होती. नुकतीच खपली पडलेली कातडी हुळहुळते, नुसता कपडा लागला तरी सहन होत नाही. त्याला टेंडर म्हणतात, आणि आमच्याकडे टेंडर म्हणजे रस्त्याच्या कामाचे निघते ते. मुंग्या येण्याला इंग्रजीत टाचण्या आणि सुया लागतात, म्हणजे पिन्स अँड नीडल्स. चुरचुरणे आणि झोंबणे यांतला फरक दाखवणारी जोडी मला मिळाली नाही. मॅडमनी, तिथे दोन्हीला स्टिंगच चालवून घे, असे सांगितले. सलणे या शब्दाचेही तसेच. आत काहीतरी राहून गेले आहे आणि ते आठवण करून देत राहते, एवढे सगळे त्या एका क्रियापदात आहे. त्याच्यापुढचा तिसरा रकाना मी आजही पेन्सिलीने लिहिलेला ठेवला आहे.

याच सुमारास वर्गात घडलेली एक चूक माझ्या कायमची लक्षात राहिली. सरावात मला रुग्णाच्या मुलीला सांगायचे होते की जखम छान भरत आली आहे. मी म्हटले, द वूंड इज फिलिंग नाइसली. माझ्यासमोर मुलगी झालेली कोझिकोडची मैत्रीण एकदम गंभीर झाली आणि तिने विचारले, कशाने भरते आहे, पूने का? आमची जखम भरते, त्यांची जखम हील होते, आणि भरणारी जखम म्हणजे आत काहीतरी साचणारी जखम. त्या दिवशी मी पहिल्यांदा नामे सोडून क्रियापदांकडे वळले आणि खरे इंग्रजी तिथेच दडलेले होते. जखमेवर खपली धरते म्हणजे ती स्कॅब ओव्हर होते, तोंड मिटते म्हणजे क्लोज अप होते, टाके उसवून ती उघडी पडते म्हणजे ओपन अप होते. सूज आपल्याकडे उतरते आणि त्यांच्याकडेही खालीच जाते, गोज डाउन. दोन्ही भाषांची दिशा एक आहे हे पाहून मला उगीचच बरे वाटले. पुसणे आणि टिपणे यांत आपण जो भेद करतो तोच वाइप आणि डॅब यांत आहे. जखम धुतल्यावर ती पुसू नका, टिपून घ्या, हे वाक्य मी नऊ वर्षे सांगत आले होते. त्याचे इंग्रजी, पॅट इट ड्राय, तीन शब्दांचे निघाले.

टाक्यांच्या बाबतीत मात्र सावध राहावे लागते. स्टिचेस केम आउट असे रुग्ण म्हणाला, तर ते ठरल्या दिवशी काढले की आपोआप निघाले, हे त्या वाक्यावरून कळत नाही. ते कोणी काढले, असा पुढचा प्रश्न विचारायची सवय मी तेव्हापासूनच लावून घेतली.

उच्चारांची कथा थोडक्यात सांगते. वूंड हा शब्द आम्ही सगळ्या जणी वाउंड असा उच्चारत होतो, आणि वाउंड म्हणजे गुंडाळलेले. जखमेवरच्या पिवळट मृत थराला आम्ही स्लॉ म्हणायचो, त्याचा उच्चार स्लफ असा निघाला. सुई टोचण्यापूर्वी 'मुंगी चावल्यासारखं वाटेल' असे म्हणायची आपली पद्धत मी सरावात शब्दशः इंग्रजीत नेली, तेव्हा मॅडमनी हसू आवरत सांगितले की तिथल्या परिचारिका शार्प स्क्रॅच म्हणतात आणि रुग्णाला मुंग्यांची भीती घालत नाहीत. दुसऱ्या प्रयत्नात मला ३६० गुण मिळाले आणि २०२३ च्या उन्हाळ्यात मी न्यूकॅसलला पोहोचले. तिथे दहा टप्प्यांची प्रात्यक्षिक परीक्षा असते, तीही झाली. तिच्यात हातांनी जे करायचे होते ते मला येतच होते, आणि करता करता तोंडाने समजावून सांगण्यासाठी लाल वही होती.

न्यूकॅसलच्या पहिल्याच आठवड्यात लाल वहीचा गर्व उतरला. रुग्णाला भेटायला आलेल्या एका बाईंचे बोट दाराच्या कडेला चिरले होते. त्यांनी मला हाक मारून म्हटले, कॅन यू गिव्ह अस अ प्लास्टर, पेट? या एका वाक्यात माझ्यासाठी तीन खड्डे होते. अस म्हटल्यामुळे मी दुसरी जखमी व्यक्ती शोधू लागले. त्या भागात अस म्हणजे मला, हे नंतर कळले. आमच्याकडची जुनी माणसेही स्वतःला आम्हीच म्हणतात, हे तेव्हा सुचायला हवे होते. पेट म्हणजे पाळीव प्राणी नव्हे, बाळा किंवा ताई यांसारखे प्रेमाचे संबोधन आहे. आणि प्लास्टर ऐकताच माझ्या डोळ्यांसमोर मोडलेल्या हाताचे पांढरे प्लास्टर आले. बोटाला एवढीशी चीर आणि या बाई प्लास्टर मागतात, म्हणून मी त्यांना क्ष-किरण तपासणी झाली का, असे विचारले. शेजारच्या सहकारी मुलीने खणातून आपण ज्याला बँडेड म्हणतो ती चिकटपट्टी काढून त्यांच्या हातात दिली. इंग्लंडमध्ये तिलाच प्लास्टर म्हणतात. हाड मोडल्यावर घालतात तेही प्लास्टरच, पण बोलण्याच्या ओघात कोणाला कधी घोटाळा होत नाही. तो फक्त मला झाला.

सेप्टिक या शब्दाने मला अधिक गंभीर धडा दिला. आपल्याकडे जखम जरा चिघळली, पू धरला की ती सेप्टिक झाली असे डॉक्टरांपासून रिक्षावाल्यापर्यंत सगळे म्हणतात. पाळी बदलताना मी अमुक खाटेवरच्या आजोबांच्या पायाची जखम सेप्टिक दिसते आहे असे सांगितले आणि माझ्या हातातले कागद खाली ठेवायच्या आत दोघी जणी त्यांचा रक्तदाब, श्वसनाची गती आणि तापमान बघायला धावल्या. तिथल्या रुग्णालयांत सेप्सिस म्हणजे संसर्गामुळे साऱ्या शरीराचा तोल ढळून जीव धोक्यात येणे, आणि तो शब्द कानावर पडताच ठरलेली धावपळ सुरू होते. मला म्हणायचे होते ते इतकेच की जखम लाल, गरम आणि सुजलेली आहे. त्यासाठी त्यांच्याकडे एक सुरेख शब्द आहे: अँग्री. रागावलेली जखम. तशीच लस पाझरणारी जखम त्यांच्याकडे रडते, वीप करते. रागावून रडणाऱ्या जखमेची नोंद मी पहिल्यांदा लिहिली, तेव्हा ती वैद्यकीय कागदावर शोभते का, अशी शंका मला आली होती. पण वरिष्ठांनी त्यावर काही न बोलता सही केली.

स्थानिक बोलीचे शब्द कोणत्याही वर्गात मिळण्यासारखे नव्हते. बोटात स्पेल्क गेले आहे असे एका सुताराने सांगितले, तेव्हा मी त्यांना ते दाखवायला सांगितले आणि भिंगाखाली पाहिले तर लाकडाची बारीक सल. बाकीचे इंग्लंड तिला स्प्लिंटर म्हणते. तब्येत कशी आहे या प्रश्नावर चॅम्पियन असे उत्तर आले, तर रुग्ण बरा आहे असे समजायचे. पाय जिप देतो म्हटले, तर तो छळतो आहे. उलट दिशेची गंमतही घडली. ड्रेसिंगच्या सामानात मी एकदा गॅमजी मागितली, तर नव्याने लागलेल्या एका मुलीने तो शब्दच ऐकला नव्हता. कापसाचा जाड थर दोन जाळीदार कापडांत घालून केलेली ही गादी बर्मिंगहॅमच्या जोसेफ सॅम्पसन गॅमजी या शल्यचिकित्सकाने १८८० मध्ये काढली, आणि तिचे नाव सोलापूरच्या वॉर्डात अजून रोज घेतले जाते.

सध्या माझे बरेचसे काम पायांच्या जुनाट व्रणांचे असते. शिरांमधले रक्त नीट वर न चढल्यामुळे घोट्याच्या वर जो व्रण होतो, त्यावर दाबाची पट्टी बांधतात. एकावर एक थर देऊन घोट्यापाशी सुमारे ४० मिलिमीटर पारा इतका दाब राखला जातो. त्याआधी घोट्याच्या आणि दंडाच्या रक्तदाबाचे गुणोत्तर डॉप्लर यंत्राने पाहतात, आणि ते ०.८ पेक्षा कमी आले, तर रोहिणीतून पायाला मुळातच रक्त कमी पोहोचते आहे असे समजून हा पूर्ण दाब देत नाहीत. एवढे करूनही पट्टी घरी गेल्यावर काचू शकते, आणि ते आम्हाला कळते केवळ रुग्णाच्या शब्दांतून. एका आजींनी दूरध्वनीवर मला सांगितले की त्यांची बोटे डेड झाली आहेत. पुस्तकातला पॅरेस्थेशिया हा शब्द त्यांनी उच्चारला असता, तर मी झोपेतही सावध झाले असते. पण डेड ऐकून क्षणभर मला वाटले की त्या थकल्याचे सांगत आहेत. मग सोलापूरच्या वॉर्डातले 'सिस्टर, बोटं मेल्यावानी झाल्यात बघा' हे वाक्य आठवले आणि मी त्यांना ताबडतोब पट्टी कापून काढायला सांगितले. बोटे बधिर होणे हे दोन्हीकडे मरणाच्याच शब्दांत सांगतात. ते ओळखायला मला पहिल्या रकान्याने मदत केली.

समजावून सांगण्याचा सर्वात कठीण विषय मात्र शब्दांचा नव्हता. जखम उघडी ठेवा, वारा लागू द्या, म्हणजे वाळेल, हे आमच्या आजीचे मत. लेट द एअर गेट टू इट, हे न्यूकॅसलच्या आजींचे मत. १९६२ मध्ये जॉर्ज विंटर यांनी डुकरांच्या त्वचेवरील उथळ जखमांचा अभ्यास करून, झाकून ओलसर ठेवलेल्या जखमेवर नवी त्वचा उघड्या जखमेपेक्षा सुमारे दुप्पट वेगाने चढते, असे दाखवले होते. पण तो निष्कर्ष अजून कोणत्याच आजीपर्यंत पोहोचलेला दिसत नाही. मॉइस्ट म्हटले की त्यांना ओल आणि बुरशी आठवते. शेवटी मी बागेचा आधार घेते. कोरड्या, भेगाळलेल्या मातीत रोप धरत नाही आणि चिखलातही कुजते, असे सांगितले की त्या मान डोलावतात, कारण तिथे प्रत्येकीच्या परसात चार झाडे असतातच.

गेल्या हिवाळ्यात शहाऐंशी वर्षांच्या एका बाईंच्या पायाची पट्टी बदलत असताना त्या लहानपणीच्या गोष्टी सांगू लागल्या. मांडीवर गळू झाले की त्यांची आई शिळा पाव गरम पाण्यात भिजवून, फडक्यात बांधून त्यावर ठेवायची, आणि त्याने आतली सगळी घाण ओढली जायची. ब्रेड पोल्टिस, असे त्या म्हणाल्या. माझा हात थांबला. आमच्या घरी आजी पोटीस बांधायची, आणि तो शब्द इंग्रजीतून आला आहे हे तोपर्यंत माझ्या लक्षातही आले नव्हते. मी त्यांना म्हटले की माझी आजीसुद्धा पोल्टिस करायची, पण पावाचे नाही. मग कशाचे, असे त्यांनी विचारले, आणि जवसाचे इंग्रजी मला आठवेना. बारीक, तपकिरी, चकचकीत बी, भिजवले की बुळबुळीत होते, असे मी हातवारे करून सांगत होते. लिनसीड! त्या जवळजवळ ओरडल्याच. त्यांची आजीही लिनसीडचेच करायची आणि खोलीभर त्याचा वास पसरायचा.

त्या घरी गेल्यावर मी लाल वही काढली. पहिल्या रकान्यात जवसाचे पोटीस लिहिले, तिसऱ्यात लिनसीड पोल्टिस. माझ्या पुस्तकात या उपचाराला कुठलाच शब्द नव्हता. मधला रकाना रिकामा सोडून मी पुढच्या रुग्णाला आत बोलावले.